तट्टाचे तोंड आणि स्वाराचा हात

'जिभेला लगाम घाला' असे आपण घरात किती सहज म्हणून जातो! परंतु खराखुरा लगाम ज्याच्या जिभेवर टेकतो, त्या मुक्या प्राण्याला काय जाणवत असेल, याचा विचार फारसा कुणी करीत नाही. लगाम म्हणजे नुसत्या हातात धरायच्या वाद्या नव्हेत. त्या वाद्या ज्याला जोडलेल्या असतात आणि जो घोड्याच्या तोंडात राहतो, तो दांडा हाच लगामाचा गाभा होय. घोडेस्वारीच्या जगात त्याला 'बिट' म्हणतात. वस्तू तळहातात मावेल एवढी. पण तिच्या निवडीवर एका जनावराचे सुख आणि त्याच्या पाठीवर बसलेल्या मुलाची सुरक्षितता, अशा दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

इंग्लंडमध्ये उन्हाळी प्रदर्शनांचा हंगाम सुरू झाला, की घोड्यांच्या साजाच्या दुकानांत एक संभाषण पुनःपुन्हा ऐकू येते. उदाहरणादाखल एक कुटुंब समजू. बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आई दुकानात आली आहे. घरी वेल्श जातीची एक घोडी आहे. कुरणात ती गायीसारखी गरीब. परंतु प्रदर्शनाच्या मैदानावर अडथळे दिसले, की मान वर करून, तोंड उघडून अशी धाव घेते, की मुलीच्या हाती राहत नाही. गेल्या खेपेला मुलगी पडता पडता वाचली. आईची मागणी एकच आहे : "याहून कडक बिट दाखवा."

भिंतीवर शंभरएक बिटे टांगलेली असतात. ज्याला केवळ विक्री करायची, तो दुकानदार त्यांतले एक काढून देईल आणि पैसे मोजून घेईल. पण ज्याला आपला व्यवसाय कळतो, तो आधी प्रश्न विचारील. घोडीचे दात शेवटचे केव्हा तपासले? सध्याचे बिट कोणते, आणि त्याचे माप कुणी घेतले? कोणत्या वर्गात उतरायचे आहे? आणि अडथळ्यावरून उडताना मुलीचे हात कुठे असतात? या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तो भिंतीकडे वळतही नाही. हे प्रश्न का विचारायचे, हे समजून घेतले तर बिटाची निवड अर्धीअधिक झालीच असे समजावे.

देशी तट्टे : लहान शरीर, मोठी ताकद

मराठी वाचकाला 'तट्टू' म्हटले की भीमथडीचे तट्टू आठवते. अंगाने बेताचे, पण काटक, आणि रानात मिळेल त्यावर भागवणारे. ब्रिटन व आयर्लंडमध्येही अशाच देशी तट्टांच्या जाती आहेत. डोंगराळ माळांवर आणि ओसाड रानांत त्या घडल्या, म्हणून तेथील प्रदर्शनांत त्यांना एकत्रितपणे 'माउंटन अँड मूरलँड' म्हणतात. वेल्श, डार्टमूर, एक्समूर, न्यू फॉरेस्ट, फेल, डेल्स, हायलँड, शेटलंड, एरिस्के आणि आयर्लंडचे कॉनेमारा ही त्यांची नावे. शेटलंडची उंची ४२ इंचांपलीकडे जात नाही, तर कॉनेमारा १४८ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. वेल्श जातीचे ए, बी, सी व डी असे चार विभाग आहेत. त्यांपैकी 'सी' विभागातील तट्टू १३ हँड २ इंच, म्हणजे सुमारे १३७ सेंटिमीटर उंचीपर्यंतचे आणि भरीव बांध्याचे असते. दुकानात आलेल्या त्या कुटुंबाची घोडी याच विभागातली आहे असे धरू.

या तट्टांचे दोन गुण बिटाच्या निवडीत महत्त्वाचे ठरतात. पहिला शरीराचा. मान आखूड व जाड, खांदा मजबूत, आणि डोके शरीराच्या मानाने लहान. त्या लहान डोक्यातली जीभ मात्र अनेकदा मांसल असते आणि टाळू खालचा असतो. त्यामुळे तोंडात मोकळी जागा अशी जवळजवळ नसतेच. दुसरा गुण बुद्धीचा. ज्याच्या पूर्वजांनी हिवाळ्यात बर्फाखालचे गवत हुडकून दिवस काढले, ते जनावर फसत नाही आणि विसरतही नाही. आपल्या ताकदीने मूल ओढले जाते, हे ते एका दिवसात शिकते. अडथळ्यावर तोंडाला हिसका बसतो, हेही ते एका दिवसातच शिकते.

तोंडात नेमके काय घडते

घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. तेथे दात नसतात, हिरडी असते. माणसाने बिट ठेवण्यासाठी हीच जागा निवडली. पण ही हिरडी म्हणजे काही गादी नव्हे. खालच्या जबड्याच्या हाडाची धार तेथे वर आलेली असते आणि तिच्यावर पातळ त्वचेचे आच्छादन असते. आपल्या नडगीला काठ लागला म्हणजे जशी कळ येते, तशीच कळ येथे येते. बिटाचा भार मुख्यतः जीभ पेलते. जीभ बाजूला सरली की तो भार सरळ हिरडीवर जातो. शिवाय ओठांचे कोपरे आणि टाळू यांनाही बिट स्पर्श करू शकते. काही तट्टांच्या वरच्या दाढांपुढे एक लहानसा जादा दात असतो. बिटाच्या आड तो येत असेल, तर पशुवैद्याचा सल्ला घेऊन तो काढावा लागतो.

या जागेवर झालेली इजा बाहेरून दिसत नाही, ही खरी अडचण आहे. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर २६१ ट्रॉटर घोड्यांची तोंडे तपासण्यात आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात ताज्या जखमा आढळल्या. बाहेरून रक्त दिसले ते मात्र अगदी थोड्यांच्याच. ते घोडे शर्यतीचे होते, मुलांची तट्टे नव्हती, हे खरे. तरीही तोंड उघडून आत पाहिल्याशिवाय 'आमच्या जनावराला काही त्रास नाही' असे म्हणू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

बिटांची घराणी

बिटे शेकडो असली, तरी त्यांची घराणी मोजकीच आहेत. पहिले घराणे स्नॅफलचे. त्यात वादी बिटाच्या कडीला थेट जोडलेली असते. हाताने जेवढे ओढावे तेवढेच तोंडात पोहोचते. वाढ नाही, घट नाही. स्नॅफलचा दांडा अखंड असू शकतो, मधोमध एका सांध्याचा असू शकतो, किंवा दोन सांधे आणि त्यांच्यामध्ये घेवड्याच्या दाण्याएवढा गुळगुळीत मणी, असाही असू शकतो. एका सांध्याचे बिट दोन्ही वाद्या ओढल्यावर अडकित्त्यासारखे मिटते आणि सांध्याचे टोक पुढे येते. लहान तोंडात आणि खालच्या टाळूखाली ते टोक टोचण्याचा संभव असतो. दोन सांध्यांचे बिट जिभेवरून वळून बसते, म्हणून अनेक देशी तट्टांना ते अधिक मानवते. मात्र काही तट्टांना तोंडात हलणारे काहीच नको असते. त्यांना किंचित वळणदार अखंड दांडा आवडतो.

कड्यांचेही प्रकार आहेत. सैल फिरणाऱ्या कडीचे बिट हाताच्या लहानसहान हालचाली तोंडापर्यंत नेते. वाद्यांवर भार टाकून चालणारे तट्टू त्यावर रेलायला कचरते. अंडाकृती पक्क्या कडीचे बिट, ज्याला एगबट म्हणतात, ते तोंडात स्थिर राहते आणि ओठांचे कोपरे चिमटत नाहीत. मुलाचा हात अजून डळमळता असेल, तर स्थिर कडी बरी.

दुसरे घराणे तरफेचे. पेलम, किंबलविक आणि दुहेरी लगामातले मोठे बिट ही या घराण्याची प्रसिद्ध मंडळी. यांत बिटाच्या दोन्ही बाजूंना दांड्या असतात आणि हनुवटीखालून साखळी जाते. व्यापारी कुटुंबांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. रोमन काट्याच्या लांब दांडीवर सरकवलेले लहानसे वजन पलीकडचे जड पोते तोलून धरते, तसेच येथे घडते. दांडी जितकी लांब, तितका हाताचा जोर वाढून पोहोचतो. तो जबडा, हनुवटीखालची खोबण आणि कानांमागचा माथा यांवर वाटला जातो. निष्णात हातात हे साधन कुजबुजीसारखे बोलते. घाबरलेल्या हातात तेच किंकाळी होते, कारण काट्याची दांडी हात कोणाचा आहे हे पाहत नाही.

तिसरा एक प्रकार म्हणजे एकाखाली एक तीन कड्या असलेले बिट. वादी जितकी खालच्या कडीला जोडावी, तितका जोर अधिक. हे बिट तोंडाचे कोपरे वर खेचते व माथ्यावर दाब देते. अडथळ्यांच्या स्पर्धांत ते पुष्कळ दिसते. मात्र प्रदर्शनाच्या रिंगणात ते शोभत नाही आणि अनेक वर्गांत चालतही नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दिसायला सारखी असलेली बिटे वागायला सारखी नसतात. दोन सांध्यांमध्ये चपटी पट्टी असलेली दोन बिटे बाजारात मिळतात. एकात ती पट्टी जिभेवर आडवी, सपाट बसते. दुसऱ्यात, ज्याला डॉक्टर ब्रिस्टल म्हणतात, ती पट्टी अशा कोनात असते, की तिची कड जिभेत रुतते. नाव न विचारता केवळ रूप पाहून घेणाऱ्याची येथे हटकून फसगत होते.

जुने शहाणपण, जुना धंदा

बिटाचा प्रश्न आजचा नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोडेस्वाराकडे एक गुळगुळीत आणि एक खडबडीत अशी दोन बिटे असावीत, असे त्याने सुचविले. खडबडीत बिटाची सवय झालेल्या घोड्याला गुळगुळीत बिट सुखाचे वाटते, हा त्याचा हिशेब होता. त्याचे खडबडीत बिट आज कुणी मुलाच्या तट्टाला घालू नये. पण त्याच्या हिशेबातले मर्म अजून टिकून आहे : घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी. दाब सुटलाच नाही, तर शिकणेही घडत नाही.

बिटे घडवणाऱ्या कारागिरांना इंग्लंडमध्ये 'लोरिनर' म्हणतात. लंडनच्या लोरिनरांच्या व्यवसायसंघाची नियमावली १२६१ सालची आहे. वॉल्सॉल हे शहर तर खोगिरे व लगामांच्या धंद्यावरच वाढले. तेथील फुटबॉल संघाला आजही 'सॅडलर्स', म्हणजे खोगीर करणारे, याच टोपणनावाने हाक मारतात. एवढ्या लांब परंपरेच्या या धंद्यात प्रतिष्ठा त्यालाच लाभते, जो गिऱ्हाइकाला वेळप्रसंगी 'नवे बिट घेऊ नका' असे सांगू शकतो.

माप : पाव इंचाचा प्रश्न

बिटाची लांबी इंचांत सांगतात. वेल्श 'सी'सारख्या तट्टांना साधारणपणे साडेचार ते पाच इंचांच्या दरम्यानचे बिट लागते. पण जातीवरून माप ठरवू नये. एक गुळगुळीत लाकडी दांडी बिटाच्या जागी तोंडातून आरपार धरावी, दोन्ही ओठांच्या कडेला खूण करावी आणि मधले अंतर मोजावे. सैल कडीचे बिट असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे पाव इंच मोकळीक ठेवावी. पक्क्या कडीचे बिट ओठांच्या अधिक जवळ बसले तरी चालते.

बिट मोठे घेतले तर ते तोंडात डावीउजवीकडे सरकते. सांधा मध्यावरून ढळतो आणि एका बाजूच्या हिरडीवर भार येतो. 'थोडे मोठे असू द्या, मुलांच्या बुटांसारखे पुढे उपयोगी पडेल' हा विचार येथे चालत नाही. फार लहान बिट ओठ चिमटते व गालांवर घासते.

जाडीविषयी एक गैरसमज दृढ आहे. जाड बिट सौम्य आणि बारीक बिट कठोर, असे सरसकट मानले जाते. दाब अधिक जागेवर पसरतो, म्हणून तत्त्वतः ते बरोबर आहे. परंतु ज्या तोंडात जीभच जागा व्यापून बसली आहे, तेथे जाड दांडा कोंबल्यावर सौम्यपणा कुठला? तट्टू तोंड मिटू शकत नाही आणि गिळूही शकत नाही. अशा वेळी १२ ते १६ मिलिमीटरांमधले, जिभेला वाव देणारे बिटच त्याला सुखाचे वाटते.

धातूचीही निवड असते. पोलाद टिकाऊ व स्वच्छ. तांब्याचा अंश असलेल्या मिश्रधातूने किंवा साध्या लोखंडाने अनेक तट्टांच्या तोंडाला पाणी सुटते आणि जबडा सैल राहतो. रबर व प्लॅस्टिक मऊ असते, पण चावून त्याला धारा निघतात, म्हणून ते दर खेपेला बोटाने चाचपून पाहावे.

प्रदर्शनाचे रिंगण

देशी तट्टांच्या प्रदर्शनाचा दंडक साधेपणाचा आहे. आयाळ व शेपटी नैसर्गिक ठेवायची, वेण्या घालायच्या नाहीत, कपाळपट्टी रंगीत नको. परीक्षक तट्टाची जात, बांधा, चाल आणि शिष्टाचार पाहतात. चाल मोकळी हवी. वाद्यांचा स्पर्श हलका हवा. थांबवले की तट्टाने शांत उभे राहावे आणि मागे सरकायला सांगितल्यावर मान न झटकता सरकावे.

मुलांच्या अगदी प्राथमिक वर्गांत, म्हणजे मोठ्या माणसाने दोरी धरून चालवायच्या आणि नवशिक्यांच्या वर्गांत, स्नॅफलचाच दंडक असतो. खुल्या वर्गांत दुहेरी लगाम किंवा पेलम रूढ आहे. दुहेरी लगामात दोन बिटे एकाच वेळी तोंडात असतात. एक बारीक स्नॅफल मान वर राखायला, दुसरे तरफेचे बिट जबडा नमवायला. हे दृश्य देखणे असते. पण लहान तोंडात दोन बिटांना जागा नसेल, तर पेलम हाच शहाणपणाचा मार्ग. एकाच बिटाला दोन जोड वाद्या लावून बरेचसे तेच काम साधते.

येथे एक मोह टाळावा. तरफेच्या बिटाने तट्टाची हनुवटी छातीकडे खेचता येते, आणि दुरून पाहणाऱ्याला ते रुबाबदार वाटते. जाणता परीक्षक मात्र लगेच ओळखतो, की हे तट्टू नम्र झालेले नाही. ते बिटापासून पळते आहे. त्याच्या चालीतला मोकळेपणा हरवतो, पावले आखूड पडतात, आणि ज्या गुणासाठी देशी तट्टू वाखाणले जाते तोच गुण झाकला जातो.

अडथळ्यांचे रिंगण

'वर्किंग हंटर पोनी' या वर्गात शिकारीचे नाव असले तरी शिकार नसते. रानात आढळतील असे ओंडके, फाटके, झुडपांची कुंपणे अशा नैसर्गिक रूपाच्या अडथळ्यांवरून उडी घ्यायची असते, आणि त्यानंतर प्रदर्शनाचा टप्पा असतो. उडीबरोबरच शैली व शिस्त यांनाही गुण असतात. कडक बिटाने तोंड फाकवत ओढत नेलेल्या तट्टाने अडथळे न पाडताही शैलीचे गुण गमावलेले असतात. अनेक ठिकाणी दोन्ही टप्प्यांत साज बदलता येत नाही. म्हणून उडीला मानवेल आणि प्रदर्शनाला शोभेल, असे एकच बिट शोधावे लागते. नियम संस्थेनुसार व वर्गानुसार बदलतात. यासाठी प्रवेशपत्र भरण्यापूर्वी चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचणे अपरिहार्य आहे.

उडी घेताना तट्टाला मान लांबवावी लागते. ती त्याची तोल सावरण्याची काठी होय. नेमक्या त्याच क्षणी मुलाचा हात मागे राहिला, तर हिसका थेट जिभेवर बसतो. स्नॅफलमध्ये तो हिसका जसाच्या तसा बसतो. तरफेच्या बिटात तो वाढून बसतो. दोनचार वेळा असे झाले, की तट्टाच्या मनात समीकरण पक्के होते : अडथळा म्हणजे तोंडाला वेदना. मग कुणी तट्टू अडथळ्यापुढे थांबते, तर कुणी वेदना लवकर संपावी म्हणून सुसाट धावते. पहिल्याला लोक हट्टी म्हणतात, दुसऱ्याला उनाड. दोघेही वस्तुतः एकच गोष्ट सांगत असतात.

म्हणून उडीसाठी स्थिर, पक्क्या कडीचे, दोन सांध्यांचे किंवा वळणदार अखंड दांड्याचे स्नॅफल येथून आरंभ करावा. तट्टू खरोखरच बलवान असेल आणि मूल अनुभवी असेल, तर आखूड दांडीचे पेलम चालेल. मुलाला दोन जोड वाद्या सांभाळता येत नसतील, तर दोन्ही कड्यांना जोडणारी चामडी पट्टी लावून एकच वादी वापरतात. त्यामुळे बिटाची भाषा थोडी पुसट होते. परंतु चुकीच्या वादीवर चुकीच्या वेळी जोर येण्यापेक्षा ते बरे. आणि मुलाच्या हातासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तट्टाच्या गळ्यात एक साधा पट्टा. उडीच्या क्षणी मुलाने तो धरावा; मग हात तोंडावर लोंबकळत नाही.

कडक बिट म्हणजे कर्ज

कडक बिटाचा उपयोग पहिल्या दिवशी होतो, हेच त्याचे सर्वांत फसवे लक्षण आहे. नव्या ठिकाणी नवा दाब जाणवतो, तट्टू चपापते, थांबते. घरच्यांना वाटते, प्रश्न सुटला. पण काही आठवड्यांत तट्टू त्या दाबालाही सरावते, आणि मग त्याहून कडक बिटाचा शोध सुरू होतो. व्यापारात जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्याची जी गत होते, तीच येथे होते. व्याज मात्र भरते ते तट्टाचे तोंड.

यासाठी बिट बदलण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. दातांची तपासणी वर्षातून निदान एकदा पशुवैद्याकडून किंवा प्रशिक्षित दंततज्ज्ञाकडून व्हावी. खोगीर पाठीला रुतत नाही ना, हे पाहावे. पाठ दुखणारे तट्टूही धावत सुटते. नाकपट्टा एवढा सैल असावा, की नाकाच्या हाडावर दोन बोटे सहज आत जातील. आवळलेला पट्टा तोंड मिटवतो, तक्रार मिटवत नाही. आणि खुराक पाहावा. माळावरच्या खुरट्या गवतावर जगण्यासाठी घडलेल्या तट्टाला धान्याचा भरपूर खुराक देऊन काम मात्र थोडे दिले, तर अंगातली ऊर्जा कुठेतरी निघणारच.

पुन्हा त्या दुकानात

आता आरंभीच्या कुटुंबाकडे वळू. दुकानदाराच्या प्रश्नांना आईने दिलेली उत्तरे अशी असतील : दात दोन वर्षांत पाहिलेले नाहीत. बिट आधीच्या मालकाकडून आले, एका सांध्याचे, सैल कडीचे, पाच इंची. दांडी धरून माप घेतले, तर घोडीला पावणेपाच इंचही पुरे आहेत. आणि मुलगी स्वतःच हळूच सांगते, की उडीच्या वेळी भीती वाटते, म्हणून ती वाद्या घट्ट धरून ठेवते.

मुलीच्या या एका वाक्यात सगळा उलगडा आहे. घोडी मुलीच्या हाताला भिते, मुलगी घोडीच्या धावेला भिते. एकीची भीती दुसरीची भीती वाढवते. या दोघींमध्ये कडक बिट आणून ठेवले, तर भीती दुप्पट होईल आणि एखाद्या प्रदर्शनात ती मुलगी खरोखरच पडेल.

जाणता दुकानदार त्या दिवशी काही विकत नाही. तो प्रथम दात दाखवायला सांगतो. दाढेची धार गालाला लागत असेल, तर ती घासून घ्यावी आणि तोंड बरे होईपर्यंत बिट घालूच नये. नंतर पावणेपाच इंची, दोन सांध्यांचे, पक्क्या कडीचे स्नॅफल आधी चाचणीसाठी न्यावे. तेथील पुष्कळ दुकानांत बिट भाड्याने देण्याची सोय असते. घोडीच्या गळ्यात पट्टा घालावा. काही आठवडे उंच अडथळ्यांना सुट्टी द्यावी. जमिनीवर ओळीने बल्ल्या मांडून त्यांवरून आधी चालीने, मग दुडकीने न्यावे. घोडीने आपणहून वेग सावरला, की वाद्या त्या क्षणी सैल सोडाव्यात. घोडीला बक्षीस समजते ते हेच.

बदल चालतोय की नाही, हे घोडीच सांगते. तोंड मिटलेले राहू लागते, ओठांवर थोडा फेस दिसतो, मान झटकणे कमी होते, कान पुढे होतात. जीभ बिटावरून काढून घेणे, डोके एका बाजूला कलणे, लगाम घालताना तोंड वर करणे, ही लक्षणे टिकून राहिली, तर बिट पुन्हा तपासावे आणि तोंडही पुन्हा तपासावे. पुढे मुलीचा हात स्थिरावल्यावर, खुल्या वर्गासाठी पेलमचा विचार अवश्य करावा. तोवर त्याची घाई नको.

कदाचित त्या हंगामात मुलीला मानाची फीत मिळणार नाही. पण तिच्या हातांना एक गोष्ट कायमची कळलेली असेल : वाद्यांच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत जीभ आहे. ज्याला हे कळले, त्याच्या हातात कोणतेही बिट सुरक्षित असते. ज्याला ते कळले नाही, त्याच्यासाठी भिंतीवरच्या शंभर बिटांतले एकही पुरेसे सौम्य नाही.